भावाचा रिपोर्ट आणि माझे लग्न

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावातून 27 वर्षांच्या एका भगिनीने लिहिले आहे. त्यांचा 23 वर्षांचा धाकटा भाऊ राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करत होता. गेल्या पावसाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्यासमोर मधोमध धुरकट डाग दिसू लागला. दुखणे काहीच नव्हते. सहा आठवड्यांत डाव्या डोळ्याचेही तेच झाले. नसेला सूज आली असावी म्हणून आधी स्टेरॉइड दिले, पण गुण आला नाही. मग रक्ताच्या जनुकीय तपासणीत ‘एमटी-एनडी4, 11778’ असा बदल निघाला आणि ‘लेबर हेरेडिटरी ऑप्टिक न्यूरोपथी’ या डोळ्याच्या नसेच्या आनुवंशिक आजाराचे निदान झाले. हे आईकडून येते, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून आईने स्वतःला दोष देणे थांबवलेले नाही. मामांची नजरही तिशीत अशीच गेली होती. त्या वेळी विडीला आणि बाहेरच्या बाधेला बोल लावला गेला. पत्रलेखिकेचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. अक्षता पडेपर्यंत यातला एक शब्दही बाहेर काढायचा नाही, असे आत्याचे म्हणणे आहे. भावाचे लग्न मात्र आता करायचे नाही, कारण त्याच्या मुलांनाही हे होईल, असे घरात ठरून गेले आहे. ओळखीच्या एकाने ‘तंतुकणिकांना ताकद देणारी’ महागडी पावडर सुरू करून दिली आहे. त्या विचारतात: आमच्या रक्तातच दोष आहे, तर मी लग्न मोडावे का? माझी तपासणी करून घ्यावी का? आणि आईला काय सांगावे?

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात ‘दोष’ हा शब्द सात वेळा आला आहे. तुमच्या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी या शब्दापाशी थांबणे मला आवश्यक वाटते, कारण लग्न मोडण्याचा विचार, आत्यांचा सल्ला, आईचे रडणे आणि भावाच्या लग्नावर मारलेली फुली, हे सगळे याच शब्दावर उभे आहे. रिपोर्टमध्ये जे लिहिले आहे ते नेमके काय आहे, हे एकदा नीट समजून घेतले, तर यातील काही गोष्टी आपोआप सुटतील आणि ज्या सुटणार नाहीत त्यांच्याकडे निदान योग्य बाजूने पाहता येईल.

आपल्या पेशींमध्ये तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म रचना (मायटोकॉन्ड्रिया), असतात, हे शाळेत आपण सर्वांनी वाचलेले असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथे प्रथिनांच्या एका साखळीतून हातोहात पुढे सरकतात आणि शेवटी आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतात, म्हणून या साखळीला श्वसनसाखळी म्हणतात. या प्रवासात जी ऊर्जा सुटते तिचा उपयोग कसा होतो, हे समजण्यासाठी घाटघरचा जलविद्युत प्रकल्प डोळ्यांसमोर आणावा. तिथे पाणी आधी पंपाने वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून त्यावर वीज तयार करतात. श्वसनसाखळीतील प्रथिने अशाच रीतीने प्रोटॉन नावाचे सूक्ष्म कण तंतुकणिकेच्या आतील पडद्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे चढवतात, आणि ते परत उतरताना एक चक्र खरोखरच फिरते व त्यातून पेशीचे इंधन, म्हणजे एटीपी, तयार होते. साखळीतील पहिल्या आणि सर्वांत मोठ्या पंपाला ‘पहिले संकुल’ असे नाव आहे. तो 45 घटकांचा बनलेला असतो. त्यांपैकी 38 घटकांची कृती पेशीच्या केंद्रकातील डीएनएमध्ये लिहिलेली असते, जी आई आणि वडील दोघांकडून येते. उरलेल्या सात घटकांची कृती मात्र तंतुकणिकेच्या स्वतःच्या, वेगळ्या आणि अगदी छोट्या डीएनएमध्ये असते, आणि तो केवळ आईकडून येतो. त्या सातांपैकी एक म्हणजे एनडी4. ते पंपाच्या प्रोटॉन चढवणाऱ्या भागात बसलेले असते.

तुमच्या भावाच्या रिपोर्टमधील 11778 हा आकडा म्हणजे त्या छोट्या डीएनएतील 16,569 अक्षरांपैकी एका अक्षराचा पत्ता आहे. त्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’ हे अक्षर आल्याने एनडी4 प्रथिनाच्या 340व्या जागेवर आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन हे दुसरे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा दुसरा घटक, बसते. झालेला बदल एवढाच आहे. पंप तयार होतो, जागेवर बसतो, काम करतो. त्याची क्षमता थोडी उणी पडते आणि त्यातून थोडे इलेक्ट्रॉन गळून पेशीला त्रासदायक असे ऑक्सिजनचे कण तयार होतात. जर्मन नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी या आजाराचे वर्णन 1871 मध्ये केले, आणि तो या एका अक्षरामुळे होतो हे डग्लस वॉलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले 1988 मध्ये. मधल्या 117 वर्षांत जगभरच्या कुटुंबांनी करणी, शाप, मागच्या जन्मीचे पाप, वाईट सवयी असे जे जे हाताशी आले ते कारण म्हणून स्वीकारले. तुमच्या मामांच्या वाट्याला आलेले बोल त्याच परंपरेतले होते. मामांविषयी मला फार वाईट वाटले. नजर गेली आणि वर ती स्वतःच्या कर्माने गेली असे ऐकत त्यांनी उरलेले आयुष्य काढले.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हा बदल असणे आणि हा आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये मोठे अंतर आहे. तुमच्या आईकडेही हाच बदल आहे. तो त्यांच्याकडे नसता तर भावाकडे आलाच नसता. तरी पन्नाशी ओलांडल्यावरही त्या सुईत दोरा ओवतात, असे तुम्हीच पत्रात लिहिले आहे. जुन्या अभ्यासांमध्ये असे दिसत होते की हा बदल असलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांची आणि स्त्रियांपैकी सुमारे दहातील एकीची नजर जाते. परंतु ते अभ्यास दवाखान्यात आलेल्या, म्हणजे ज्यांच्या घरात आजार आधीच ठळकपणे दिसला होता, अशा कुटुंबांवर बेतलेले होते. ऑस्ट्रेलियातील कुटुंबांचा अलीकडे जो व्यापक अभ्यास झाला त्यात हे प्रमाण पुरुषांमध्ये सुमारे 18 टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे 5 टक्के निघाले. आकडे कुटुंबागणिक बदलतात, आणि ज्या घरात मामा आणि भाचा दोघांनाही आजार झाला त्या घराने अगदी निर्धास्त राहावे, असे मी म्हणणार नाही. तरीही तुमच्यासारख्या स्त्रीची नजर आयुष्यभर शाबूत राहण्याची शक्यता जाण्याच्या शक्यतेपेक्षा कितीतरी अधिक आहे, हे जुने आकडे धरले तरी खरे ठरते. शिवाय ज्यांना बदल असूनही आजार होत नाही त्यांच्या पेशींमध्ये तंतुकणिकेच्या डीएनएच्या प्रती अधिक आढळतात. पंपाची क्षमता उणी पडते तेव्हा पेशी पंपांची संख्या वाढवते. तुमच्या आईचे शरीर बहुधा तेच करत आले आहे.

तुम्ही लिहिले आहे की हल्ली तुम्हाला फार थकवा येतो आणि ही त्याचीच सुरुवात असावी अशी भीती वाटते. या आजाराचा बहुतेक सगळा भार डोळ्याच्या नसेवर पडतो. या नसेत दहा लाखांच्या वर तंतू असतात, आणि डोळ्याच्या आत असेपर्यंत त्यांच्यावर वीजतारेवर असते तसे वेष्टण नसते, त्यामुळे संदेश पुढे नेण्यास त्यांना खूप ऊर्जा लागते. त्यांतही मध्यभागाचे चित्र नेणारे तंतू सर्वांत बारीक असतात, आणि त्यांच्याजवळ ऊर्जेची शिल्लक फार कमी असते. म्हणून ते प्रथम जातात. लिखाण, चेहरे, लाल-हिरव्या रंगांतील फरक हे हरवते आणि कडेची नजर टिकून राहते. भावाविषयी शेजारच्यांनी ‘रस्त्याने तर नीट चालतो, मग ओळख का देत नाही?’ असे विचारल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्याचे उत्तर हे आहे. तो सोंग करत नाही, हे शेजारच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. तुमच्या थकव्याबद्दल म्हणाल, तर चार महिने दवाखान्याच्या फेऱ्या, नोकरी आणि लग्नाची खरेदी एकत्र सांभाळणाऱ्या कोणालाही थकवा येईल. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि त्यांत काही निघाले तर त्यावर उपचार करा.

आता वारशाविषयी. तुमच्या घराने जे ठरवले आहे ते नेमके उलटे आहे, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण त्यात एका तरुण मुलाचे आयुष्य अडकले आहे. हा डीएनए केवळ आईकडून जातो. पित्याच्या तंतुकणिका गर्भात टिकत नाहीत. त्यामुळे तुमच्या भावाच्या मुलांना त्याच्याकडून हा बदल मिळणार नाही, मुलगा असो वा मुलगी. ‘त्याच्या मुलांना होईल’ म्हणून त्याचे लग्न करायचे नाही, या निर्णयाला काहीही आधार नाही. त्याने लग्न करावे की नाही, केव्हा आणि कोणाशी, हे इतर कोणत्याही तरुणाप्रमाणे त्याचे त्याने ठरवायचे आहे. मामांच्या मुलांनाही त्यांच्याकडून हे आलेले नाही. या आजाराची वाट आपल्या भाषेतल्या नात्यांनीच ओळखता येते: आजी, मग आई, मावशी, मामा, मग त्या बहिणींची मुले. मामानंतर भाचा, ही या आजाराची जुनी ओळखीची खूण आहे. आजोबांचे आणि आजीचे नात्यात लग्न झाले होते म्हणून असे झाले, ही तुमच्या घरातली समजूतही चुकीची आहे. नात्यातील लग्नाचा धोका दुसऱ्या प्रकारच्या आजारांत असतो, या बदलाशी त्याचा संबंध नाही.

इथे एक सावधगिरी. भावावरचा शिक्का पुसला की तोच उचलून तुमच्यावर मारला जाईल, अशी मला काळजी आहे. आपल्या समाजात ‘मुलीकडून येते’ एवढे दोन शब्द पुष्कळ काही उद्ध्वस्त करू शकतात. म्हणून तुमच्या तपासणीचा विचार शांतपणे व्हावा. भावाच्या रिपोर्टमध्ये ‘होमोप्लाझ्मिक’ असा शब्द आहे, म्हणजे त्याच्या तपासलेल्या नमुन्यात सगळ्याच प्रतींमध्ये हा बदल आहे. बहुतेक कुटुंबांत आईचेही तसेच असते, आणि तसे असेल तर तुमच्यातही तो जवळजवळ निश्चितच आहे. तपासणीवर पैसे घालून जे आधीच माहीत आहे तेच कागदावर येईल. शिवाय ‘आहे’ असा निकाल आला तरी नजर जाईल की राहील, हे तो सांगू शकणार नाही. काही कुटुंबांत मात्र आईच्या पेशींत बदललेल्या आणि न बदललेल्या प्रतींचे मिश्रण असते, आणि अशा आईच्या मुलांमध्ये हे प्रमाण कमी-जास्त निघते. यासाठी माझी सूचना अशी आहे की, आईची इच्छा असेल तर आधी त्यांचा नमुना तपासावा. तो मिश्र निघाला तर तुमची तपासणी अर्थपूर्ण ठरेल; नाही तर तुम्ही हा बदल आपल्यात आहे असे धरून चालावे आणि त्याप्रमाणे जगावे. तपासणीआधी आणि नंतर आनुवंशिकी समुपदेशकाशी बोलणे मात्र चुकवू नका. मोठ्या शहरांतील वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठी नेत्ररुग्णालये इथे ही सोय असते. लहान मुलांची तपासणी, केवळ जाणून घ्यायचे म्हणून, कोणीही सुचवली तरी करू नये. त्यांना मोठे होऊन स्वतः ठरवण्याचा अधिकार आहे.

लग्नाचे काय, हा तुमचा मुख्य प्रश्न. मी तुम्हाला लग्न मोडा असे सांगणार नाही आणि लपवा असेही सांगणार नाही. आत्या तुमच्या हिताचेच पाहत आहेत, यात मला शंका नाही; ठरलेले लग्न मोडल्यावर मुलीच्या घराला काय सोसावे लागते हे त्यांनी पाहिले असेल. पण त्यांच्या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे लग्न झाल्यावर ही माहिती निरुपद्रवी होईल. तसे होणार नाही. ज्या मेहुण्याला दिसत नाही तो लग्नात मांडवात असणारच आहे. आज ना उद्या कोणीतरी कारण विचारील, आणि त्या दिवशी तुमच्या पतीला आजाराबरोबरच हेही कळेल की हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होते. आजार समजून घेणारी माणसेही लपवणूक सहजी समजून घेत नाहीत. शिवाय मुलांचा निर्णय दोघांचा आहे, आणि त्याला अर्धी माहिती देऊन तो निर्णय घ्यायला लावणे मला न्याय्य वाटत नाही.

मात्र सांगणे म्हणजे रिपोर्टच्या झेरॉक्स काढून दोन्ही घरांत वाटणे नव्हे. रिपोर्ट तुमच्या भावाचा आहे. आधी त्याच्याशी बोला, त्याची संमती घ्या, आणि त्याला काय सांगितलेले चालेल ते विचारा. गेल्या चार महिन्यांत त्याच्याविषयी सगळ्यांनी बोलणे केले, त्याच्याशी फारच थोड्यांनी. त्यानंतर मुलाशी, म्हणजे तुमच्या होणाऱ्या पतीशी, स्वतः आणि समोरासमोर बोला. मध्यस्थांमार्फत नको, फोनवर नको, आणि मोठ्यांच्या बैठकीत तर मुळीच नको. साधारण असे म्हणता येईल: “माझ्या भावाची नजर ज्या कारणाने गेली ते आईकडून येणारे आहे. माझ्यातही तो बदल बहुधा आहे. त्याने माझी नजर जाण्याची शक्यता कमी आहे, पण आपली मुले झाली तर त्यांच्यात तो जाईल. त्यांच्यापैकी बहुतेकांना काही होत नाही, मुलांना मुलींपेक्षा धोका जास्त असतो. तुम्हाला डॉक्टरांना भेटायचे असेल तर आपण दोघे जाऊ.” एवढे सांगून थांबा. त्यांना उत्तर द्यायला आठवडा-पंधरवडा द्या. डॉक्टरांकडे बरोबर येण्याची तयारी ते दाखवतात का, याकडे मी तुमच्या जागी असते तर सर्वांत जास्त लक्ष दिले असते. मोठ्यांना केव्हा आणि किती सांगायचे, ते मग तुम्ही दोघांनी मिळून ठरवावे.

ते नाही म्हणू शकतात, आणि हे मी झाकून ठेवणार नाही. तसे झाले तर खूप दुखेल, गावात चर्चा होईल, आईचा अपराधीपणा काही काळ वाढेल. पण तुम्ही स्वतः आधीच लग्न मोडून टाकणे म्हणजे त्यांच्या वतीने नकार देऊन मोकळे होणे आहे. तो निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या.

मुलांबद्दल थोडे सांगते, कारण हा प्रश्न त्या भेटीत नक्की निघेल. माहिती असूनही निसर्गतः मूल होऊ देणे हा पर्याय बहुतेक कुटुंबे निवडतात आणि तो बेजबाबदार नाही. दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन मूल होऊ देणे, किंवा दत्तक घेणे, या दोन वाटांनी हा वारसा पूर्ण थांबतो. गर्भातील किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणाची तपासणी मात्र सगळ्याच प्रती बदललेल्या असताना उपयोगाची नाही, कारण निवडायला न बदललेला भ्रूणच नसतो. दात्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिका वापरण्याच्या तंत्राला ब्रिटनने 2015 मध्ये कायद्याने परवानगी दिली आहे. आज आपल्याकडच्या जोडप्यांनी त्यावर बेत आखू नयेत. आणि मुलींना धोका कमी म्हणून मुलगीच व्हावी अशी व्यवस्था करून देतो, असे कोणी सुचवले तर तिथून उठून या. लिंगनिवड आपल्याकडे गुन्हा आहे, आणि मुलगी झाली तरी बदल तिच्यामार्फत पुढे जातोच.

आता तुम्ही पत्रात एकाच ओळीत उल्लेख केलेल्या व्यक्तीकडे येते, जिच्यासाठी मी या उत्तराची घाई केली. तुमच्या मावशीचा 19 वर्षांचा मुलगा. तो वसतिगृहात राहतो आणि ‘हल्ली सिगारेट ओढायला लागला आहे’, असे तुम्ही भावाच्या आठवणी सांगताना सहज लिहून गेलात. आज तुमच्या कुटुंबात सर्वांत जास्त धोका असलेली व्यक्ती तोच आहे. हा आजार बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात होतो, पुरुषांना अधिक होतो, आणि हा बदल असलेल्यांमध्ये धूम्रपान करणाऱ्यांची नजर जाण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त असते, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका मोठ्या अभ्यासात स्पष्ट दिसले. अतिमद्यपानाबाबतही तसेच संकेत आहेत. धुरातील घटक श्वसनसाखळीवर आघात करतात, आणि ज्याचा पहिला पंप आधीच थोडा अशक्त आहे त्याला तो आघात पेलत नाही. मामांच्या विडीला लोकांनी दिलेला बोल क्रूर होता, पण विडीचा वाटा मुळीच नव्हता असेही म्हणता येणार नाही. सगळे जण हे लपवत आहेत ते तुमच्या लग्नासाठी. आणि त्या लपवण्यामुळे ज्याला ही माहिती मिळाली तर सिगारेट सोडता येईल, त्या मुलाला ती मिळत नाही. गुटखा, तंबाखू, आईच्या पिढीतील काही स्त्रिया लावतात ती मिश्री, हेही आजीच्या वंशातील सगळ्यांनी सोडावे असे मी आग्रहाने सांगेन.

औषधांबाबत एक सूचना त्याच वंशातील प्रत्येकाने लिहून ठेवावी. क्षयरोगावर दिले जाणारे इथॅमब्युटॉल, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर वापरले जाणारे लिनेझोलिड, ही दोन्ही औषधे डोळ्याच्या नसेला इजा करू शकतात. क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही. उपचार सुरू होण्याआधीच ‘आमच्या घरात 11778 हा बदल आहे’ असे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते पर्यायी औषध देतील किंवा डोळ्यांची नियमित तपासणी ठेवतील. स्वतःच्या मनाने क्षयाचे औषध बंद करणे मात्र अधिक धोक्याचे आहे. आणि कोणालाही एका डोळ्याने रंग फिके दिसू लागले किंवा मधोमध डाग वाटला, तर दुसरा डोळा बरा आहे म्हणून थांबू नये, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन घरातील इतिहास सांगावा.

भावाच्या उपचारांविषयी. ती पावडर बंद करा. त्या पैशांचा याहून चांगला उपयोग आहे. ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचे वीजघर, म्हणून ताकदीची पावडर घ्या’ हे ऐकायला पटते, पण ज्या पंपात अडथळा आहे तो पावडरीने सुधारत नाही. इडेबेनोन नावाचे एक औषध आहे, जे इलेक्ट्रॉनना पहिले संकुल वगळून पुढच्या टप्प्यावर पोहोचवते. युरोपात या आजारासाठी त्याला 2015 मध्ये मान्यता मिळाली. सगळ्यांना गुण येत नाही, आणि 11778 या बदलात आपोआप सुधारणा होण्याचे प्रमाण इतर बदलांपेक्षा कमी असते, तरीही नजर जाऊन एक वर्ष झालेले नसताना याविषयी विचारणे अर्थपूर्ण आहे. त्याला न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजिस्टना, म्हणजे डोळा आणि मेंदू यांच्या संबंधातील विकारांच्या तज्ज्ञांना, याच महिन्यात दाखवा. एनडी4 ची दुरुस्त प्रत विषाणूमार्फत डोळ्यात सोडण्याच्या जनुकीय उपचारांच्या चाचण्या काही देशांत झाल्या आहेत आणि त्यांत काही रुग्णांची नजर काही प्रमाणात सुधारली; चाचणीबाहेर कोणी पैसे घेऊन तो उपचार देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

आणि त्याच्या अभ्यासाचे काय, हे तुम्ही विचारलेच नाही. घरात सगळ्यांनी ते संपले असे धरलेले दिसते. लो-व्हिजन, म्हणजे अल्पदृष्टी, केंद्रात त्याला कडेच्या नजरेने वाचण्याचे तंत्र शिकवतील. फोन आणि संगणक आता मराठी मजकूर वाचून दाखवतात. त्याचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार शासकीय नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे आणि त्यात 1 टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटे वाढीव वेळ मिळतो. आरक्षणासाठी अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक असावे लागते. ज्या परीक्षेची तो तयारी करत होता तिचे दार बंद झालेले नाही. हे त्याला तुम्ही सांगा. इतर कोणापेक्षा ते तुमच्याकडून ऐकणे त्याला बरे वाटेल.

राहिल्या आई. ‘हे आईकडून येते’ आणि ‘हे आईमुळे झाले’ या दोन वाक्यांत डॉक्टरांनी फरक केला नाही, आणि तो फरक तुम्हाला करावा लागेल. त्यांनी हा बदल निवडला नाही, तो त्यांना त्यांच्या आईकडून आला, तिला तिच्या आईकडून. कितव्या पणजीपासून हे चालत आले आहे ते कोणाला माहीत. त्याच वाटेने त्यांनी तुम्हा दोघांना तंतुकणिका दिल्या, ज्यांच्यावर तुमचा प्रत्येक श्वास चालतो. हे त्यांना एकदा सांगून पटणार नाही, म्हणून समजावण्यापेक्षा त्यांच्या हाती काहीतरी काम देणे मला जास्त गरजेचे वाटते. मावशीला फोन करण्याचे काम त्यांचेच आहे. बहिणीने बहिणीला सांगितलेले ऐकले जाईल, तुमचे किंवा माझे ऐकले जाईलच असे नाही. मावशीच्या मुलाला डोळ्यांच्या तपासणीला कधी न्यायचे, सिगारेटचा विषय त्याच्याशी कसा काढायचा, मावशीच्या मुलीलाही सांगायचे ते कोणी, हे दोघी बहिणींना ठरवू द्या. मामांचे काय झाले होते तेही त्या फोनवर पहिल्यांदाच खरे नाव घेऊन बोलले जाईल. या रविवारी दुपारी, घरात पाहुणे नसताना, तुम्ही आईजवळ बसा आणि तो फोन लावून द्या.